आठ वर्षं न छापलेली दुरुस्ती

बाई, तुमच्या शोकसभेत मला दोन मिनिटं दिली होती. मी उठलो, माईकपर्यंत गेलो आणि परत जागेवर येऊन बसलो. लोकांना वाटलं, पोरगं गहिवरलं. मी गहिवरलो नव्हतो. कारखान्याच्या गेटवर कर्णा धरून तासतासभर बोलणारा माणूस मी. पण त्या दिवशी माझ्याकडे सांगण्यासारखी एकच खरी गोष्ट होती, आणि ती चारचौघांत सांगायचं धाडस झालं नाही.

माझ्याआधी पाच जण बोलले. पाचही जणांनी तुम्हाला देवमाणूस म्हटलं. तुम्ही ऐकत असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "माझ्याकडे नाक-कान-घशाची पदवी आहे, देवपणाची नाही." तुम्ही भांडकुदळ होतात, हे एकानंही सांगितलं नाही. "नाकाचं हाड वाढलंय" असं कुणी म्हटलं की तुमचा आवाज जिना उतरून खालच्या मेडिकलवाल्यापर्यंत जायचा, हेही नाही. तुम्ही कुठं शिकलात, महाडात कधी आलात, सत्कार किती झाले, ते सगळं सांगून झालं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला आपलं भांडण सांगायचंय. ते अर्धं राहिलंय, आणि त्यातली माझी बाजू लंगडी होती.

पहिल्यांदा तुमचा जिना चढलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. दोन वर्षं पत्रकं लिहून झाली होती, म्हणजे मला जगातलं सगळं कळत होतं. बिरवाडीत कामगारांच्या खोल्याखोल्यांतून आम्ही हिंडायचो, कुणाला काय त्रास होतो ते वहीत लिहायचो. खोकला, खाज, डोळ्यांची आग. त्यातच लक्ष्मणदादा भेटला. लक्ष्मण ढेबे, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर वाडी आहे तिथला. घरी गुरं, शेळ्या, थोडी नाचणी. खाली येऊन तो कंत्राटदाराकडे लागला होता. ड्रममधली पिवळी भुकटी फावड्यानं उपसून टाकीत टाकायची, हे त्याचं काम. तोंडाला स्वतःचाच रुमाल. पाळी सुटली की पापण्यांवरसुद्धा पिवळं बसलेलं असायचं. त्याची डावी नाकपुडी वर्षभर बंद होती. एका डॉक्टरनं दोनदा आतलं काढलं होतं, दोन्ही वेळा ते परत आलं होतं.

"हाड वाढलंय म्हंतात," तो तुम्हाला म्हणाला.

"कोण म्हणतात?"

"समदेच."

"सगळ्यांना सांग, हाड घरी ठेवा. वाढलंय ते मांस आहे. मान वर कर."

तुम्ही थंड पाण्यातून स्टीलची चपटी पट्टी काढलीत, पुसलीत आणि त्याच्या नाकाखाली आडवी धरलीत. "सोड श्वास." पट्टीवर उजवीकडे वाफेचा गोल उमटला. डावीकडे पट्टी स्वच्छ. तुम्ही ती मला दाखवली नाहीत, त्याला दाखवलीत. म्हणालात, "दोन्हीकडे बंद असतं तर मी सर्दी म्हटलं असतं, अ‍ॅलर्जी म्हटलं असतं. एकाच बाजूला बंद, आणि काढलं तरी परत येतं. मला हे आवडलेलं नाही." मग कपाळावरचा आरसा खाली ओढून आत बघितलंत, सळईनं हलकेच चाचपलंत. मी खांद्यावरून डोकावत होतो.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तू कोण?"

"संघटनेचा."

"मग संघटनेत जाऊन बस. इथं उजेड अडतोय."

मी हललो नाही. तेव्हा तुम्ही मलाही समजावलंत, आणि तुमचं हे मला फार आवडलं होतं, तेव्हा कबूल केलं नाही. नाकातला नेहमीचा मांसाचा कोंब सोललेल्या द्राक्षासारखा असतो, म्हणालात, मऊ, पाणीदार. हा तसा नाही. हा तुतीच्या फळासारखा दाणेदार आहे, करडा-गुलाबी, आणि सळईला घट्ट लागतो. त्यातला इवलासा तुकडा तुम्ही काढलात, त्याच्या नाकाला बोळा लावलात, तुकडा बाटलीत घातलात, बाटली सकाळच्या मुंबईच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलीत. तो तुमचा जुना पेशंट होता. एका बाजूचं काहीही निघालं की तुकडा मुंबईला जायचाच, हा तुमचा नियम. त्यापायी गावात तुमची थट्टा व्हायची. बाईंना शिंक ऐकू आली तरी मुंबईला पाठवतात, असं म्हणायचे.

रिपोर्ट आला. इन्व्हर्टेड पॅपिलोमा. तुम्ही रबरी हातमोजा घेतलात, त्याचं एक बोट उलटं आत ढकललंत आणि लक्ष्मणदादाच्या डोळ्यांसमोर धरलंत. "नेहमीची गाठ बाहेर वाढते. ही अशी आत वळून वाढते, अस्तरात घुसते. म्हणून वरवर ओढून काढली की मुळं राहतात. क्वचित दिसते. कॅन्सर नाही. साधी गाठ आहे. पण पूर्ण काढावी लागेल, मुंबईला. नाकाच्या कडेनं चीर घेतील." आणि रिपोर्टचा कागद तुम्ही त्याच्या हातात दिलात. त्याच्या भावाच्या नाही, माझ्या नाही. हाही तुमचा नियम.

मी लगेच विचारलं, "भुकटीमुळं झालंय ना?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. कुणालाच नीट माहीत नाही. कुणी विषाणू म्हणतात, कुणी धुळीचं नाव घेतात. असेल. नसेल."

बाई, त्या 'माहीत नाही'चा मला किती राग आला होता! पापणीवर पिवळी भुकटी घेऊन माणूस समोर बसलाय, आणि शिकलेली डॉक्टरीण म्हणते माहीत नाही. त्या रात्री नाही, त्याच दुपारी, एसटी स्टँडवर बसून मी पत्रक लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला दाखवायला आणलं, ते सहीसाठी. मथळा होता: 'कामगाराच्या नाकात कर्करोग, मालक मात्र मजेत!'

तुम्ही टेबलावरची लाल पेन्सिल उचललीत आणि 'कर्करोग' हा शब्द खोडलात. 'मजेत' तसाच राहिला.

"या, पत्रके," म्हणालात. तेव्हापासून माझं आडनाव तेच पडलं. "काल मी हातमोजा कुणाला दाखवत होते?"

"बाई, 'साधी गाठ' लिहून गेटवर कोण थांबणार?"

"मग नको थांबू देत."

"तुम्हाला सोपं आहे."

"मला सोपं आहे? मी रोज तीस माणसांना नको ते खरं सांगते. तू एकदा सांगून बघ."

तुम्ही सही केली नाहीत. मी ते पत्रक तसंच छापलं. नेमकं तसंच. छापखान्यातल्या कंपोझिटरनं विचारलं होतं, "हा शब्द नक्की ना, भाऊ?" मी म्हटलं, नक्की. खाली लिहिलं, 'बिरवाडीत राहणारा, पोलादपूरच्या डोंगरातला एक गरीब कामगार'. नाव घातलं नव्हतं, याचा मला अभिमान वाटला होता. बिरवाडीत राहणारे, डोंगरातले आणि नाकाला बोळा लावून फिरणारे असे किती जण होते? एक.

पाळी बदलताना गेटवर वाटलं. लोक थांबले. खरंच थांबले, बाई, वाचत उभे राहिले. मला वाटलं, बघा.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. कंत्राटदारानं त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. त्या माणसाबद्दलचा माझा राग आजही उतरलेला नाही, उतरू नये. खोलीतल्या सोबत्यांनी त्याचं ताट वेगळं केलं. आणि लक्ष्मणदादा मुंबईच्या तारखेला गेलाच नाही. तो डोंगरावर गेला, मरायला.

त्याला तुमचं पटलं नव्हतं असं नाही. उलट तुमच्याच शब्दांनी त्याची खात्री पटवली. आपल्याकडे मोठा आजार पेशंटला सांगत नाहीत. भावाला बाहेर बोलावतात, दाराआड कुजबुजतात, आणि आत येऊन पेशंटला म्हणतात, काही नाही रे, साधी गाठ आहे. गावोगाव असंच. त्याच्या चुलत्याला तेच म्हटलं होतं, आणि चुलता चार महिन्यांत गेला. तेव्हा डॉक्टरीण म्हणाली साधी, आणि छापील कागद म्हणाला कर्करोग. त्यानं कागदावर विश्वास ठेवला. त्याच्या जागी मीही ठेवला असता. छापलेलं खोटं कशाला असेल?

तो मुंबईला पोचलाच नाही हे कळल्यावर तुम्ही सकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिलात. हातात कापडी पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट. एवढंच म्हणालात, "चप्पल घाल."

पोलादपूरपर्यंत एसटी, तिथून वाडीच्या पायथ्यापर्यंत दुसरी. दोन्ही गाड्यांत तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. मग चढ. ऑक्टोबरचं ऊन, कमरेएवढं वाळायला आलेलं गवत, आणि तुमचे गुडघे. प्रत्येक वळणावर दगड बघून बसत होतात.

"हात धरू का, बाई?"

"हात नको. तोंड बंद ठेव, तेवढं पुरे."

वाडीत पोचलो तेव्हा लक्ष्मणदादा घरात नव्हता. गोठ्याच्या टोकाला गोणपाट टाकून पडला होता. स्वतःहून तिथं गेला होता. त्याची मुलगी कमल, तेव्हा नऊ-दहा वर्षांची, अंगणाच्या ह्या टोकाला उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. बापानं तिला तिथपर्यंतच यायला सांगितलं होतं. तांब्या ठेवायचा आणि मागं व्हायचं.

मी तो तांब्या बघितला, बाई. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, हेही मला कळलं.

त्याची बायको सगुणाताई गवताचा भारा टाकून आली. घाम पुसायच्या आधी तिनं वाशात खोचलेलं पत्रक काढलं. घडी घालून घालून चिंध्या झाल्या होत्या. "ह्यातलं खरं का तुमचं खरं? मला भाईर बोलावू नका हां. हितंच सांगा, त्यांच्या म्होरं."

तुम्ही बोलला नाहीत. तुम्हाला सांगता आलं असतं की हे ह्या पोरानं लिहिलंय, मी खोडलं होतं. एका वाक्याचं काम होतं. तुम्ही ते वाक्य माझ्यासाठी मोकळं सोडलं होतं. आणि मी म्हणालो, "छापखान्यात चूक झाली, ताई. कंपोझिटरनं भलताच शब्द लावला."

तुम्ही डोळे मिटून उघडलेत. मग लक्ष्मणदादाजवळ जाऊन, गोठ्यात, शेणाच्या कडेलाच बसलात.

"लक्ष्मण, रिपोर्ट कुठाय?"

"पिशवीत हाय."

"कुणाच्या हातात दिला होता मी?"

"माज्या."

"लपवायचं असतं तर तुझ्या हातात दिला असता? हा पोलादपूरच्या डॉक्टरला दाखव. महाबळेश्वरच्या डॉक्टरला दाखव. कॅन्सर असता तरी मी कागद तुझ्याच हातात दिला असता, आणि तोंडानं तसं सांगितलं असतं. मी वाईट बाई आहे, विचार कुणालाही."

तो उठून बसला. त्यानं जे विचारलं ते आजवर कुठल्या सभेत मला कुणी विचारलं नाही इतकं चोख होतं. "साधी हाय तर मंग नाक फाडायचं कशाला?"

"साधी आहे, पण गुणी नाही. मूळ ठेवलं की परत येते, तुझी दोनदा आली. आणि अशातली एखादी पुढं जाऊन बिघडते, तेव्हा कॅन्सर होतो. ती बिघडायच्या आत काढायची. मग दर चार-सहा महिन्यांनी मी आत डोकावणार. मरेपर्यंत."

"कुनाच्या मरेपत्तुर?"

"कोण आधी जातं ते बघू."

तो हसला. त्या नाकानं हसताना शिटीसारखा आवाज आला. सगुणाताई मात्र हसली नाही. "उटा ओ," ती म्हणाली. "मरायचंच असंल तर हाप्ताभर थांबा, गवत कापून होऊं द्या. मला येकटीला जमत नाय." आणि मग मागं वळून, "कमले, तांब्या हिकडं आन गो. बापाच्या हातात दे."

ती मुलगी अंगण ओलांडून आली. तेवढंच. मी शेळ्यांकडे बघत राहिलो.

लक्ष्मणदादा गवत आटपून येतो म्हणाला. आपण दोघांनी उतरून पोलादपूरला स्टँडवर चहा घेतला. तुम्ही बशीत ओतून घ्यायचात, फुंकर न मारता. अर्धी बशी झाल्यावर म्हणालात, "कंपोझिटरचं नाव काय?"

मी सांगितलं.

"भला माणूस आहे. त्याच्या नावावर का टाकलंस?"

मी बशी खाली ठेवली.

"आज मी बोलले नाही, कारण मला पेशंट खाली आणायचा होता. तुझ्यासाठी नाही गप्प बसले. दुरुस्ती छाप. आणि लक्ष्मणला स्वतः सांग. कधी, ते तू ठरव."

"दुरुस्ती छापली तर मालक नाचेल, बाई. सगळी मागणीच खोटी पडेल."

"मागणी काय आहे? मास्क आणि पंखा?"

"हो."

"ती कॅन्सरवर उभी आहे?"

मी चहाचे पैसे द्यायला उठलो. नाही, हे उत्तर नंतर आलं, पण तोवर छापायची वेळ निघून गेली असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या महिन्यात वेगळा प्रश्न आला, वेगळं पत्रक आलं. कर्करोगाचं पत्रक हजार वाटलं होतं, दुरुस्तीचं एक नाही.

लक्ष्मणदादाचं ऑपरेशन झालं. मुंबईला, सरकारी इस्पितळात, तुमच्या चिठ्ठीवर. डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकपुडीपर्यंत बारीक रेघ राहिली. पट्ट्या सुटून घरी गेला आणि पहिल्या तपासणीला आला तेव्हा रागावलेला होता. "बाय, आमच्याकडं शेळ्यांचा येवढा वास येतो, मला ठावंच नव्हतं. आता झोप लागत नाय." तुम्ही खुर्चीत मागं रेलून इतक्या हसलात की बाहेरचे पेशंट डोकावले. मी तुम्हाला तसं हसताना फार वेळा बघितलं नाही.

आता आपलं दुसरं भांडण. ह्यात मी अजून मागं हटलेलो नाही. तुमचं 'माहीत नाही' कारखान्याच्या साहेबानं उचललं. बोलणी चालू असताना तो म्हणाला, "तुमच्याच डॉक्टर म्हणतात की भुकटीमुळं झालं असं नाही." मी ताडताड तुमच्या दवाखान्यात आलो आणि पेशंटांसमोर ओरडलो, की तुमचा खरेपणा मालकाच्या कामाला आला. तुम्ही मला बाहेर काढलंत. पण त्याच दिवशी लेटरहेडवर कारखाने निरीक्षकाला पत्र लिहिलंत, आणि त्याची प्रत खालच्या मेडिकलवाल्याकडे माझ्यासाठी ठेवलीत. तुम्ही लिहिलं होतं, ह्या गाठीचं कारण मला माहीत नाही. माहीत नाही म्हणजे नाही, असा अर्थ कुणी काढू नये. भुकटी उपसणाऱ्या माणसांची नाकं आतून सुजलेली, सोललेली मी रोज बघते, ते मला माहीत आहे, आणि त्याला मास्क आणि हवा ओढणारा पंखा लागतो. एकही विशेषण नव्हतं. माझ्या दहा पत्रकांनी झालं नाही ते त्या एका पानानं हललं. पंखा बसला. मास्क आले, हलके होते, पण आले.

मी आभार मानले नाहीत. मी म्हणालो, हे आधी लिहिलं असतंत तर? तुम्ही म्हणालात, आधी कुणी विचारलं नाही, तू कर्करोगावर सही मागत होतास. हे खरं आहे. पण बाई, विचारायची वाट का बघायची? तुम्ही रोज सोललेली नाकं बघत होतात. ते सगळं केसपेपरात मिटून ठेवायचं आणि संध्याकाळी दवाखाना बंद करायचा? ह्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला दिलं नाहीत. दिलं नाहीत म्हणजे ते तुमच्याकडे होतं की नव्हतं, हेही मला आता कळणार नाही. मेलेल्या माणसाशी भांडण्यात हाच अन्याय आहे, समोरून पेन्सिल येत नाही.

तरी त्यानंतरची वर्षं मला आठवतात ती गोड आठवतात. दर पत्रकाचा खर्डा घेऊन मी जिना चढायचो. शेवटचा पेशंट गेला की तुम्ही बूट काढून पाय स्टुलावर ठेवायचात आणि वाचायचात. "'नराधम' काढ. 'रक्तपिपासू' काढ. 'कथित' कुठून आणलास, तो पेपरवाल्यांना परत दे." मी चिडायचो. "मग उरलं काय?" "उरलं ते खरं आहे. ते मोठ्या टायपात घे." मला लिहायला कुणी शिकवलं असं कुणी विचारलं तर मी नेत्यांची नावं सांगतो. खरं उत्तर नाक-कान-घसा आहे.

दवाखान्यात पुढं ती बारीक दुर्बीण आली. तुम्ही नव्या नवरीसारखी ती पेटीतून काढायचात. लक्ष्मणदादाच्या नाकात आत, पार वरच्या कोपऱ्यात, तांदळाएवढा दाणा परत उगवलेला तुम्हाला तिनंच दिसला. मुंबईला त्यांनी तो नाकातूनच काढला, चीर न घेता. तुकडा तपासला, परत साधाच. तुम्ही मला म्हणालात, "बघितलंस? म्हणून मरेपर्यंत." प्रत्येक तपासणीला तो डोंगर उतरून यायचा, कधी तुमच्यासाठी तूप, कधी नाचणीचं पीठ. कित्येकदा मी तिथंच असायचो. तो मला 'भाऊ' म्हणायचा, खांद्यावर हात ठेवायचा. तुम्ही दुर्बीण पुसता पुसता चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघायचात. एकदाच. मी पेपर वाचायला घ्यायचो.

शेवटचं भेटलो तेव्हा तुम्ही उशांना टेकून बसला होतात, आवाज गेला होता. मी मनाशी जुळवून आलो होतो, विचारलंत तर सांगेन की सांगतो, लवकरच सांगतो. तुम्ही विचारलं नाहीत. चष्म्यावरून बघितलंही नाहीत. पाटीवर लिहिलंत, "जेवलास का?" विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

शोकसभेनंतर काही दिवसांनी लक्ष्मणदादा आला. त्याच्या तपासणीची तारीख होती. वाडीवर कुणी कळवलं नव्हतं. दवाखान्याला कुलूप बघून तो माझ्या खोलीवर आला, हातात तुपाची बरणी. मी सांगितलं. तो उंबऱ्यावरच बसला. बरणीच्या झाकणावरून त्यानं बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हंजी त्याच आधी गेल्या."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. छापखान्यात चूक झाली नव्हती. कंपोझिटरनं मला विचारलं होतं. बाईंनी तो शब्द खोडला होता. मी तो ठेवला, लोक थांबावेत म्हणून. तुला काय झालंय ते मला नीट माहीत असताना ठेवला.

त्यानं विचारलं, "बायना ठावं व्हतं?"

"पहिल्यापासून."

"आन तरी तुला संगं घिऊन वर चढल्या?"

"हो."

तो उठून खिडकीशी गेला. पाठ माझ्याकडे. "मी आठ दिस पोरीला हात लावला नाय," तो म्हणाला. "रडायची ती. मी धोंडा उचलून भीव दाखवायचो, जवळ येऊं नको म्हनून. माज्याच पोरीला धोंडा." मग वळला. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. "आता तिला बघायला येतात. परवा दिवशीचे पावनेबी इचारून गेले, बापाला कॅन्सर व्हता नं? पिढीत हाय का? अजून इचारतात, भाऊ. तुजा कागद मेला नाय."

हे मला माहीत नव्हतं. गेटवर फाटून पडलेलं पत्रक आठ वर्षांनी एका मुलीच्या दारात उभं असेल, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

मी माफी मागितली. त्यानं माफ केलं नाही, आणि तसं नाटकही केलं नाही. बरणी माझ्या हातात दिली नाही, परत पिशवीत घातली. दारात थांबून म्हणाला, "जे केलंस ते छापून केलंस. सांगून काय व्हनार? छाप."

म्हणून हे आमच्या संघटनेच्या अंकात, पहिल्या पानावर, बाई. स्मृतिलेख मागितला होता, त्यात मी हे लिहिलं. कंपोझिटरकडे जाऊन आलो. त्यानं मजकूर वाचला आणि जुळवायला घेतला. लक्ष्मणदादाची पुढची तपासणी मुंबईला ठरवली आहे, तो माझ्याबरोबर यायला तयार नाही, सगुणाताई जाणार आहे. छापण्याआधी वाडीवर जाऊन मी हे सगळं त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. कमल दारात उभी राहून ऐकत होती. त्यानं एक वाक्य काढायला लावलं, त्यात मी स्वतःला फार शिव्या दिल्या होत्या. म्हणाला, ते तुज्यासाठी हाय, आमच्या काय कामाचं. आणि एक वाक्य घालायला लावलं. पूर्ण नावानं, मोठ्या टायपात, सगळ्यात शेवटी.

पोलादपूर तालुक्यातल्या लक्ष्मण ढेबे यांच्या नाकात जी गाठ होती ती कर्करोगाची नव्हती, आजही त्यांना कर्करोग नाही, आणि ही गोष्ट डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितली होती.